मागचं काळं

१

जुनं चित्र पुसायला थुंकीसारखं दुसरं औषध नाही. लोक हसतात, पण खरं आहे. काडीच्या टोकाला कापूस गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा आणि नखाएवढ्या जागेवर हलक्या हाताने गोल गोल फिरवायचा. कापूस पिवळा झाला की ती काडी फेकायची आणि दुसरी घ्यायची. दोन-दोनशे वर्षांचा धूर, धूळ, माणसांचे उच्छ्वास, सगळं त्या कापसावर येतं. थुंकीने नाही भागलं तर साबणाचं पाणी, आणि अगदीच नाइलाज झाला तर स्पिरिट. एकेचाळीस वर्षं मी हेच केलं.

संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर आमची कामाची खोली आहे. उत्तरेला भिंतभर खिडकी. ऊन कधी आत येत नाही, उजेड मात्र दिवस मावळेपर्यंत एकसारखा असतो. पूर्वी आम्ही चौघं होतो, आता मी एकटा. शिकलेलो नाही. चित्राखालच्या पाट्या मी वाचतो, पण एकेक अक्षर जुळवत. पाटी वाचून होईपर्यंत चित्रातल्या माणसाशी ओळख होऊन जाते.

ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी एक गोष्ट बजावून ठेवली होती. चेहरा पूस, हात पूस, कपडे पूस, पण मागच्या काळ्याला हात लावायचा नाही. जुन्या चित्रांत बसलेल्या माणसाच्या मागे जो अंधार रंगवलेला असतो ना, तो रंग कच्चा असतो, शंभर वर्षांनीही पुरता वाळत नाही. त्याला स्पिरिट लागलं की अंधारच सुटून कापसावर येतो. उस्तादांनी कारण एवढंच सांगितलं, आणि मीही पुढे विचारलं नाही.

दुसरी एक रीत होती. नवं चित्र आलं की आधी कुणाच्या डोळ्यांत न येणाऱ्या जागी पोस्टाच्या तिकिटाएवढा चौकोन पुसून बघायचा. रंगाला काय सोसतं, काय नाही, ते त्यावरून कळतं. त्या चौकोनाला आम्ही खिडकी म्हणतो. तर मी खिडकी उघडली ती काळ्यात. मुद्दाम नाही. डोळे म्हातारे झाले, दुसरं काय. मला वाटलं ती शाल आहे.

२

आमच्या मॅडमनी प्रदर्शन मांडायला घेतलं होतं. मॅडम माझ्या मुलीपेक्षा लहान, पण शिकलेल्या, आणि मला काका म्हणायच्या. प्रदर्शन उदासपणाचं. निरनिराळ्या मुलखांतली, निरनिराळ्या शतकांतली पाच चित्रं, सगळी मान खाली घालून बसलेल्या माणसांची. सोबत काचेच्या पेट्यांत जुनी पुस्तकं, पत्रं, कुणाकुणाच्या वह्या. हा आजार आजकालचा नाही, माणसाइतकाच जुना आहे, हे लोकांना दाखवायचं होतं त्यांना. चार चित्रं आली होती, पाचवं वाटेत होतं.

घरी मी हे सांगितलं तेव्हा अक्का म्हणाली, "मान खाली घालून बसलेली माणसं बघायला तिकीट कशाला? आमच्या घरी या म्हणावं, फुकट दाखवतो."

अक्का माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि ती चौदाची. माझ्यापायी तिने लग्न केलं नाही, आणि पुढे माझी बायको गेल्यावर माझी मुलगीही तिनेच वाढवली. जीभ मात्र पहिल्यापासून तिखट. हे ती माझ्या मुलीसमोरच बोलली. मुलीने ऐकलं की नाही, कळलं नाही.

माझ्या मुलीला आम्ही लहानपणापासून टकळी म्हणतो. तोंड म्हणून मिटायचं नाही. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर आलं की तिचा आवाज ऐकू यायचा, आणि मला कळायचं की घर जागेवर आहे. ती बालवाडीत शिकवायची. अकरा महिन्यांपूर्वी एका सकाळी ती स्वयंपाकघराच्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसली ती उठलीच नाही म्हणा ना. म्हणजे उठायची, झोपायला, न्हाणीघरात जायला. परत येऊन तिथेच बसायची. हनुवटी छातीला टेकलेली, हात मांडीवर. डॉक्टर भले होते. म्हणाले, हा आळस नाही, आजार आहे, गोळ्या चुकवू नका, आणि रागावू नका. मी गोळ्या चुकवल्या नाहीत आणि रागावलोही नाही. रागावण्याचं खातं अक्काकडे होतं.

"वजन बघ जरा डोक्याचं," अक्का जाता-येता म्हणायची. "मेंदू एवढा जड असता तर पंतप्रधान झाली असती."

३

पहिलं चित्र एका बाईचं होतं. तीनशे वर्षांपूर्वीची बाई, मांडीवर उघडं पत्र, पण नजर पत्रावर नाही, जमिनीवर. डोक्यावरून काळं काहीतरी घेतल्यासारखं दिसत होतं. शालीचा पदर समजून मी टाळूच्या जरा वर खिडकी उघडली. थुंकीने काही झालं नाही. साबणाने नाही. स्पिरिट लावलं, आणि कापूस एका फेऱ्यात काळाकुट्ट झाला.

काळं सुटलं होतं. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

भिंग लावून पाहिलं, किती नुकसान झालंय ते बघायला. चौकोनात कापड दिसायला हवं होतं, नाहीतर तळाचा तांबूस रंग. दिसलं ते नख.

बोटाचं नख. चांगलं रंगवलेलं, चंद्रकोरीसकट. नख उभं चिरलेलं होतं, मुळापासून टोकापर्यंत, जशी एखाद्या कामकऱ्याची जुनी जखम असते. नखाखालचं बोट बाईच्या केसांत रुतलं होतं. बाईचे दोन्ही हात खाली पत्राजवळ होते.

मी भिंग ठेवलं आणि चहा करून प्यायलो. चितारी लोक मन बदलतात. आधी एक काढतात, मग त्यावर दुसरं. मी नाकांवर माशा पाहिल्यात, घोड्यांना सहा पाय पाहिलेत, एका धर्मगुरूच्या मांडीवर तर कुत्रं निघालं होतं. इथे आधी बाईमागे दासी असेल, वेणी घालणारी. नंतर नको वाटली असेल. माझी समजूत पटली. मी त्या चौकोनावर काळा रंग भरला आणि बाईच्या चेहऱ्याकडे वळलो.

पण वेणी घालणारीची बोटं अशी नसतात. हे मला घरी जाताना सुचलं. आपण एखाद्या मुलाला बस म्हणतो आणि उठू नये म्हणून त्याच्या डोक्यावर तळवा ठेवतो ना, तशी होती ती.

४

दुसरं चित्र पुस्तकावर वाकलेल्या एका पंडिताचं. हे पहिल्याहून शंभर वर्षांनी जुनं, आणि मुलूखही वेगळा. या वेळी शाल नव्हती, काही नव्हतं, टक्कल होतं आणि मागे काळं. चुकण्यासारखं काही नव्हतं. तरी मी टकलाच्या वर खिडकी उघडली.

चार बोटं होती. करंगळीशेजारच्या बोटाचं नख उभं चिरलेलं.

तिसऱ्या चित्रात लढाईहून परतलेला एक अंमलदार तलवार पायाशी टाकून बसला होता. तिथे हात मनगटापर्यंत निघाला. चौथं एका तरुण कवीचं होतं. तिथे बाही निघाली, काळपट, साधी, कुठल्याच काळाची नाही अशी. नख तेच.

मी मॅडमना आडून विचारलं की हे चार चितारी एकमेकांना ओळखत होते का. त्या हसल्या. एक मेला तेव्हा दुसऱ्याचा आजा जन्मला नव्हता, म्हणाल्या. मग म्हणाल्या, पण काका, गंमत बघा, चौघांनीही मागे सारखाच अंधार रंगवलाय. पुस्तकांत याला मनाचा अंधार म्हणतात.

मी मान डोलावली. पुस्तकं लिहिणारे काळ्याला स्पिरिट लावत नाहीत, त्याला ते तरी काय करणार.

५

पेट्यांमध्ये काय ठेवायचं ते मॅडम माझ्या खोलीत बसून ठरवायच्या, कारण उजेड चांगला होता. मी पुसायचो, त्या वाचून दाखवायच्या. मला बरं वाटायचं. घरी हल्ली कुणी कुणाला काही वाचून दाखवत नव्हतं.

एक पत्र कुठल्याशा राजाच्या वैद्याचं होतं. राजा सात वर्षं एका खुर्चीतून उठला नाही. राज्य गेलं, मुलगा गेला, तो बसलेलाच. वैद्याने लिहिलं होतं की महाराज दिवसातून एकदाच बोलतात. म्हणतात, हात काढा, मग उठतो. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा दरबारातल्या सगळ्यांनी आपापले हात मागे घेतले, आणि कुणालाच कळलं नाही की महाराज कुणाला म्हणाले, कारण जवळ कुणी नव्हतंच.

"बिचारा," मॅडम म्हणाल्या. "भ्रम व्हायला लागले होते."

मग एका बाईची वही. तिने वर्षभर रोज एकच ओळ लिहिली होती, मॅडमना ती भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावायची होती. "जड नाही, उबदार आहे."

माझ्या हातातली काडी कवीच्या कपाळावर थांबली. मी विचारलं, काय उबदार आहे ते पुढे कुठे लिहिलंय का. मॅडमनी पानं उलटली. नाही, म्हणाल्या, शेवटपर्यंत नाही. शेवट कसा झाला ते त्यांनी हळू आवाजात सांगितलं. ते मी सांगत नाही.

६

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळची वेळ, स्वयंपाकघरात स्वच्छ उजेड. अक्का ओट्याशी भाजी चिरत होती, मी दारात स्टुलावर बसून बुटाला पॉलिश करत होतो. टकळी खुर्चीत. आमच्या तिघांत चांगलं पाच-पाच पावलांचं अंतर.

टकळी म्हणाली, "बाबा, हात काढा ना."

आवाज साधा होता. जेवताना मीठ मागावं तसा.

मी माझ्या हातांकडे पाहिलं. एका हातात बूट, एकात ब्रश.

अक्का मागे वळून न बघता म्हणाली, रोजचंच आहे तिचं. मला पण म्हणते. मी म्हणते, भवाने, माझे हात तुझ्यासाठी राबताहेत, ते काढले तर खाशील काय.

मी उठून टकळीच्या मागे गेलो. खुर्ची आणि भिंत यांच्यामध्ये वीतभर जागा. तिथे माणूस मावत नाही. कोपऱ्यात थोडी सावली होती, कोपऱ्यात असते तेवढीच. मी तिच्या डोक्यावरून हवेत हात फिरवला, कोळिष्टकं काढतात तसा. हाताला काही लागलं नाही. फक्त एका जागी हवा कोमट होती. आत्ताच उठून गेलेल्या माणसाची खुर्ची कोमट असते तेवढी.

"थकले मी," टकळी म्हणाली.

तिच्या मांडीवर पाण्याचे दोन थेंब पडले. रडणं म्हणावं तर चेहऱ्यावर काहीच नव्हतं. टाळूवर केस दबलेले होते, गोलसर, टोपी काढल्यावर दबतात तसे. ते अकरा महिने माझ्या डोळ्यांसमोर होते. मी समजायचो, विंचरत नाही म्हणून.

७

घरात माझा हात कुठे पोचत नव्हता. जिथे पोचतो तिथे काम करावं, एवढीच अक्कल मला आहे.

सोमवारी मी खोलीचं दार लावून घेतलं. बाईचं चित्र टेबलावर आडवं घातलं, टाळूवरचं काळं पुसत गेलो, आणि पूर्ण हात उघडा झाल्यावर थांबलो नाही. स्पिरिट वाढवलं. आधी ते चिरलेलं नख गेलं, मग बोटं, मग तळवा. खालचे केस दिसू लागले, त्याखाली कापडाची वीण. तीनशे वर्षांपूर्वीच्या कारागिराच्या हातचा रंग मी कापसावर काढला. उस्ताद असते तर माझी बोटं तोडली असती. मग मी भोकावर केस रंगवले, काळं रंगवलं, व्हार्निश दिलं. जवळून बघूनही कुणाला कळलं नसतं. हात माझा अजून चांगला आहे.

घरी गेलो तर टकळीने विचारलं, बाहेर पाऊस आहे का. बाहेर कोरडं होतं, पण तिने विचारलं होतं. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडलो.

मंगळवारी पंडित. बुधवारी अंमलदार. बुधवारी संध्याकाळी तिने स्वतः डोकं विंचरलं. गुरुवारी कवीच्या डोक्यावरचा शेवटचा हात पुसला आणि धावत घरी आलो. या गुडघ्यांनी जेवढं धावता येतं तेवढं. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर मला तिचा आवाज ऐकू आला. ती शेजारणीला सांगत होती की गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, पण डॉक्टर भला माणूस आहे, फक्त त्याच्या दवाखान्यातलं घड्याळ वीस मिनिटं पुढे आहे आणि तो मात्र तीस मिनिटं मागे. शेजारीण हसत होती.

गोळ्यांनीच गुण आला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. डॉक्टर म्हणालेच होते, वेळ लागतो. असेलही तसं. मी त्या रंगवलेल्या जागांकडे पुन्हा बघितलं नाही.

८

पुढच्या आठवड्यात अक्काने दोन दिवस कुणाला टोमणा मारला नाही. आम्ही थट्टा केली. टकळी म्हणाली, आत्याची धार गेली, आता विळीसकट नवीन आणू या. अक्का हसली, पण मान वर न करता.

तिसऱ्या दिवशी ती भाजी चिरता चिरता त्या खुर्चीत बसली. सुरी हातात, हनुवटी छातीवर. टकळी शाळेत गेली होती, बालवाडीने तिला परत घेतलं होतं. मी दारात बूट घालत होतो.

"हात काढ रे," अक्का म्हणाली.

मी बुटाची नाडी बांधली. दोन्ही बुटांच्या बांधल्या. मग कामाला निघून गेलो.

मला माहीत होतं. उगाच शहाजोगपणा नको. आणि त्यावर इलाज काय असू शकतो तेही मला सुचलं होतं. त्या हाताची रेघ न् रेघ मला पाठ होती. बारीक ब्रश होते, रंग होते. चारही डोक्यांवर हात परत रंगवला असता तर काय झालं असतं? मी करून बघितलं नाही. कारण काही झालं असतं तर तो हात कुणाच्या डोक्यावरून निघून कुणाच्या डोक्यावर गेला असता, हे सांगायला वैद्य नको.

टकळी म्हणायची, वय झालं आत्याचं. ती तिला चमच्याने सूप भरवायची, तिच्याशी बोलत बसायची, वर्गातल्या पोरांच्या नकला करायची. मी डॉक्टरना आणलं. त्यांनी तिलाही गोळ्या दिल्या. म्हणाले, या वयात जरा सावकाश लागू पडतात. मी त्याही चुकवल्या नाहीत. धीर माझ्याकडे पहिल्यापासून आहे, अक्कानेच शिकवलाय.

असे बावीस दिवस गेले. एका दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. मी तिच्या पायांना तेल लावत होतो. तिला मान वर करता येत नव्हती, त्यामुळे माझे हात तिला नीट दिसत होते. स्पिरिटने माझ्या बोटांची सालं निघाली होती, आणि नखांच्या कडांत काळं होतं.

"तू काहीतरी पुसलंस," ती म्हणाली.

मी तेल लावत राहिलो.

"पोरीसाठी?"

"हो अक्का."

मग तिने विचारलं, "परत घालता येतं का?"

"नाही," मी म्हणालो. "येत नाही."

जन्मात तिच्याशी पहिल्यांदा खोटं बोललो. ती मला लहानपणापासून ओळखते. तिने डोळे मिटले आणि पाय माझ्या हातांतून हळूच काढून घेतला. तेल अर्धंच लागलं होतं.

९

पाचवं चित्र उशिरा आलं, उद्घाटनाला तीन दिवस उरले असताना. मॅडम म्हणाल्या, काका, नुसती धूळ झटका, वेळ नाही. मला तेच हवं होतं. काळ्याला हात लावायची माझी इच्छा मेली होती.

चित्र मायलेकींचं होतं. दोन खुर्च्या, दोघींच्या माना खाली, मध्ये काळं. पेटीतून काढून मी ते उजेडात उभं केलं आणि पाहिलं की प्रवासात काळ्याला तडे गेलेत. मधल्या भागातली खपली उठून लोंबत होती. मी कापूस हातात घेतला नाही. खपली पडू नये म्हणून नुसता तळवा खाली धरला, आणि ती आपली आपण माझ्या तळव्यात पडली.

खाली छाती होती. काळपट कपडा, साधा. छातीपासून दोन बाह्या निघाल्या होत्या, एक डावीकडे, एक उजवीकडे, काळ्याखाली उंचवट्यासारख्या कळत होत्या. उजवीकडची आईच्या डोक्याशी संपत होती, तिथेही रंग उडाला होता, आणि चिरलेलं नख मी लांबूनच ओळखलं. डावीकडची लेकीच्या डोक्याशी संपत होती. त्या हाताची नखं धड होती. तो हात मी कधी पाहिलाच नव्हता. चारही चित्रांत माणूस एकेकच बसलेला. मी एकच हात शोधला, एकच पुसला, चार वेळा. हात दोन असतात, हे एवढं म्हातारं होऊनही मला सुचलं नाही.

वर, जिथे चेहरा असायला हवा, तिथे काळं जवळजवळ शाबूत होतं. एका तड्यातून फक्त ओठांचा कोपरा दिसत होता. ओठ किंचित पुढे काढलेले. मूल झोपेला आलं की आपण श्श म्हणतो, तसे.

मी चित्र तसंच ठेवून निघालो. दुपारचे बारा वाजले होते, त्या दिवशी बालवाडीला सुट्टी होती. रस्त्यावर माणसं डबे घेऊन, पिशव्या घेऊन चालली होती. मी लोकांना ढकललं. जन्मात कुणाला ढकललं नव्हतं.

जिन्याच्या दुसऱ्या वळणावर तिचा आवाज आला. मी कठडा धरून उभा राहिलो आणि देवाचं नाव घेतलं. ती बोलत होती. वर्गातल्या कुणी खडू खाल्ला त्याचं काहीतरी.

दार उघडंच होतं. अक्का खुर्चीत, आणि तिच्यासमोर टकळी स्टुलावर, हातात सुपाची वाटी. मला बघून म्हणाली, "आलात बाबा? लवकर आलात. त्या पोराला मी विचारलं, खडू का खाल्लास, तर म्हणतो, बाई, पांढरा होता ना, म्हणून…"

बोलता बोलता तिची हनुवटी खाली चालली होती. झटका नाही, काही नाही. बटण बंद केल्यावरही पंखा थोडा वेळ फिरतो, तशी ती बोलत राहिली. म्हणून, म्हणाली. पांढरा, म्हणाली. मग नुसतेच ओठ हलले. वाटी मांडीवर कलली आणि सूप साडीवर पसरलं, ते तिने पुसलं नाही. टाळूवरचे नीट विंचरलेले केस माझ्यादेखत गोल दबले.

मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसलो आणि दोन्ही तळवे तिच्या हनुवटीखाली लावले. वर रेटलं. वर आली, बोटभर. माझ्या दंडांतून घाम फुटला. वरून जोर वाढला नाही, कमीही झाला नाही. त्याला घाई नव्हती. तिचे डोळे माझ्याकडे होते आणि त्यांत अजून ती होती. मानेतून काहीतरी बारीक करकरलं.

मी आणखी रेटलं.

"सोड," अक्का म्हणाली. मान खालीच होती तिची. आवाज मऊ होता. मी सहा वर्षांचा असताना झोपवायची, तेव्हाचा. "सोड रे बाळा. मान मोडेल पोरीची."

मी सोडलं.